एका दाताचा फरक: मामांच्या दहाचक्क्याचं क्राउन-पिनियन प्रकरण

मामांनी २०२३ च्या फेब्रुवारीत एक सेकंडहँड दहाचक्का ट्रक घेतला आणि मार्च संपायच्या आत त्याच्या इंजिनावर दोन लाख घालायला निघाले होते. ते पैसे वाचले, कारण दुखणं मागच्या एक्सलात निघालं, तेही पिनियनच्या एका दाताचं. पिनियन म्हणजे एक्सलातल्या मोठ्या दातचक्राला, क्राउनला, फिरवणारं लहान दातचक्र, आणि क्राउन-पिनियनच्या दातांचं प्रमाण म्हणजे रेशो. सगळं प्रकरण आकड्यांसकट लिहून काढतोय, कारण नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट लायनीत दर आठवड्याला कोणीतरी मला धरून विचारतंच की भाऊ, रेशो बदलला तर गाडीची हॉर्सपॉवर वाढते का, आणि उभ्या उभ्या दोन वाक्यात सांगितलं की समोरचा मान हलवतो पण त्याला पटलेलं नसतं हे दिसतं.

आमच्या घरी तीन गाड्या आहेत. मी मेकॅनिकल डिप्लोमा केला, आता भाड्याचा हिशेब आणि डिझेलची वही मीच बघतो. मामांची ही चौथी. २५ टन पासिंग (मालासकट एकूण वजन), मागे एक चालतं एक्सल आणि एक डमी, इंजिन १८० हॉर्सपॉवरचं २५०० आरपीएमला (म्हणजे मिनिटाला फेरे), टॉर्क ६६० न्यूटन मीटर १५०० आरपीएमला, सहा गियरचा बॉक्स आणि टॉप गियर सरळ एकास एक, टायर १०.०० आर २०. आधीच्या मालकाकडे ही गाडी उमरेडच्या बाजूला कोळसा वाहायची. दलालाने मामांना ते मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं, "कोळशाची गाडी आहे जी, मोठा रेशो आहे, ताकद जास्त." मामांनी मनात त्याचा अर्थ लावला की हॉर्सपॉवर जास्त. पुढचा सगळा घोळ इथून सुरू झाला.

मामांना गाडी पाहिजे होती समृद्धी महामार्गासाठी. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि बुटीबोरी एमआयडीसीतून वाळूजला माल टाकणं एकदम सोपं झालं. शिवमडक्याला चढलं की सरळ सिमेंटचा रस्ता, गाव नाही, सिग्नल नाही, ब्रेकर नाही. मालमोटारींना तिथं ८० ची मर्यादा, म्हणजे मामांच्या हिशेबानं गाडी ७०-७५ नं आरामात निघायला हवी होती. निघाली नाही.

तिसऱ्या फेरीनंतर मामांचा फोन आला. "भाच्या, गाडीत दमच नाही ना बाप्पा. सत्तरच्या वर जातच नाही. इंजिन नुसतं बोंबलून राहिलं, केबिनमध्ये कान फाटतात, आणि डिझेल पाण्यासारखं पिऊन राहिली. काहून असं?" त्याच आठवड्यात एका गॅरेजवाल्याने गाडी पाहून निदान करून टाकलं: पंप, नोझल, टर्बो, आणि इंजिन खोलून अर्धं काम. दोन लाखांचा अंदाज. मामा हो म्हणायच्या बेतात होते. मी म्हटलं, मामा, चार दिवस थांबा, एक फेरी मला केबिनमध्ये बसू द्या.

माल भरून, काटा करून, २५ टनाच्या थोडं आत वजन घेऊन आम्ही निघालो आणि मी वही घेऊन क्लीनरच्या जागेवर बसलो. पाहायचं एकच होतं. इंजिन जर खरंच थकलं असेल तर ते लोडवर आरपीएम धरत नाही, पाय खाली दाबला तरी काटा वर चढत नाही, काळा धूर सोडतं. इथं उलटं होतं. टॉपमध्ये काटा सरसर २४००-२५०० वर जायचा, धूर जवळजवळ नाही, आणि तिथं गेल्यावर गव्हर्नर हात धरायचा. म्हणजे इंजिनाला अजून जोर होता, त्याला पुढे फिरायलाच परवानगी नव्हती. ६० वर आरपीएम २१०० च्या वर, ७० वर २५०० ला टेकलेली. मला तिथंच कळलं की घोळ इंजिनाच्या मागे आहे, पण मामांना सांगायला आकडा हातात पाहिजे होता.

तो काढायला काही लागत नाही. १०.०० आर २० चा टायर एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर जातो. ६० किमीचा वेग म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे ३१२ फेरे. टॉप गियर एकास एक, म्हणजे इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट (बॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतचा फिरता दांडा) एकाच फेऱ्यात. इंजिन २१३० आणि चाक ३१२, भागा, ६.८३ येतं. एक्सल हाउसिंगवर रेशोची पट्टी असते, ती आमच्या गाडीवर गळून गेली होती, म्हणून वाडीला परत आल्यावर जॅकवर घेऊन हातानंही मोजलं. गाडीला ओट लावले, बॉक्स न्यूट्रलमध्ये, चालत्या एक्सलचं एक चाक पक्कं धरून ठेवलं आणि दुसरं चाक पूर्ण दोन फेरे फिरवलं (एक चाक अडवलं की डिफरन्शियल दुसऱ्याला दुप्पट फिरवतं, म्हणून दोन, हे लोक विसरतात आणि मग आकडा अर्धा निघतो). प्रोपेलरवर खडूची खूण केली होती. ती सहा वेळा पूर्ण आणि वर पाऊण फेऱ्याच्या थोडं पुढे गेली. ६.८३. म्हणजे क्राउनला ४१ दात, पिनियनला ६.

आता मामांना हे समजावायचं होतं आणि मामा सोपे नाहीत. त्यांचा पहिला प्रश्नच अडचणीचा. "रेशो मोठा म्हणजे ताकद मोठी ना? मग गाडी काहून नाही पळत?"

मी त्यांना कळमना बाजारातल्या हमालावरून सांगितलं. मेट्रिक हॉर्सपॉवर म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर नेणं. हमालानं ५० किलोचं पोतं दीड मीटर उंच गाडीच्या फाळक्यावर एका सेकंदात चढवलं तर त्या सेकंदापुरता तो बरोबर एक हॉर्सपॉवर झाला. आता त्याच हमालाला फळी लावून द्या. लांब फळी लावली तर चढ सौम्य होतो, पोतं हलकं वाटतं, पण चालायचं अंतर वाढतं. आखूड फळी लावली तर अंतर कमी, पण प्रत्येक पावलाला मांडीवर जास्त जोर. फळी बदलल्यानं हमाल बदलत नाही. तासाला किती पोती चढवायचा त्याचा दम आहे तो तेवढाच राहतो. एक्सलचा रेशो ही फळी आहे. ६.८३ ही लांब फळी.

टॉर्क म्हणजे फिरवायचा जोर, आणि हॉर्सपॉवर म्हणजे तो जोर किती वेगानं वापरला गेला. किलोवॅटमध्ये सूत्र अगदी साधं: टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९५४९. एक्सल टॉर्कला ६.८३ नं गुणतं आणि आरपीएमला त्याच ६.८३ नं भागतं. गुणाकार केला की तोच आकडा परत येतो, उलट दात घासण्यात आणि तेल घुसळण्यात थोडा जातोच. म्हणून जगातला कुठलाही रेशो बसवा, चाकावर इंजिनापेक्षा जास्त हॉर्सपॉवर मिळणार नाही. चाकावरचा टॉर्क मात्र बदलतो, आणि भरपूर बदलतो, पण त्याची किंमत वेगात मोजावी लागते. दलाल खोटं बोलला नव्हता. जोर खरंच जास्त होता. फक्त तो जोर ज्या वेगाला मिळतो, त्या वेगाला समृद्धीवर कोणी चालत नाही.

मामा गप्प झाले. मग म्हणाले, "हे बरोबर आहे, पण डिझेल काहून जास्त?"

हा प्रश्न जास्त चांगला होता. सपाट रस्त्यावर २५ टन घेऊन ६५ नं जायला टायरचा रोध साधारण २०० किलो जोर मागतो आणि हवा १२०-१३० किलो. सगळं धरून इंजिनाकडून ८८ हॉर्सपॉवरच्या आसपास लागतात, रेशो कुठलाही असो, रस्त्याला त्याचं काही देणंघेणं नाही. पण हे ८८ हॉर्सपॉवर इंजिन कसं देतं ते रेशो ठरवतो. ६.८३ वर ते २३१० आरपीएमला फिरतं आणि प्रत्येक फेऱ्यात फक्त २६७ न्यूटन मीटर ओढतं. क्राउन ४१ आणि पिनियन ७ दातांचं केलं, म्हणजे रेशो ५.८६, तर तेच इंजिन १९८० वर फिरतं आणि ३११ न्यूटन मीटर ओढतं. काम तेच, फेरे मिनिटाला सव्वातीनशेनं कमी. आणि डिझेल इंजिन स्वतःसाठी जे खातं, रिंगांची घर्षणं, बेअरिंग, ऑइल पंप, पाण्याचा पंप, ते सगळं फेऱ्यांवर चालतं, ओझ्यावर नाही. सगळ्यात खादाड रेडिएटरचा पंखा. तो थेट पट्ट्यावर असेल तर त्याची भूक आरपीएमच्या घनाप्रमाणे वाढते. २३१० वरून १९८० वर आलं की पंखा आधीपेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ताकद वाचवतो. नागपूरच्या मे महिन्यात ४५ डिग्रीला इंजिन तासनतास २५०० वर ठेवून चालवायचं, हा विचारच मला सहन होत नाही, पण आमच्याकडे शेकडो गाड्या तशाच चालतात कारण कोणी खाली वाकून हाउसिंगची पट्टी वाचत नाही.

मिस्त्री चाचांकडे गेलो. कामठी रोडला त्यांचं गॅरेज आहे, चाळीस वर्षं डिफरन्शियल खोलतात. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेटा, तुझा हिशोब बरोबर आहे, पण मामाला आधी घाटाचं विचार." कारण मामांची गाडी महिन्यातून एक-दोनदा जबलपूर लायनीलाही जायची, खवासा पार केलं की शिवनीच्या आधी कुरईचा घाट. मामांची खरी भीती तीच होती. रेशो कमी केला आणि गाडी घाटात बसली तर?

यावर मी एक रात्र घालवली, आणि जे निघालं त्याचं मलाही नवल वाटलं. शंभर मीटरला पाच मीटर असा चढ धरला तर २५ टनाला साडेबाराशे किलो जोर फक्त वर चढायला, अधिक २०० टायरचा, म्हणजे १४५० किलो. १८० हॉर्सपॉवरमधले चाकापर्यंत पोचणारे १६० च्या आसपास. भागाकार केला की वेग निघतो ताशी ३० किलोमीटर. यात रेशो कुठेच नाही! चढावर तुम्ही किती वेगानं चढाल ते हॉर्सपॉवर आणि वजन ठरवतं. रेशो फक्त ठरवतो की तो वेग कोणत्या गियरात मिळेल आणि इंजिन तेव्हा चांगल्या आरपीएमला असेल की नाही. आमच्या बॉक्समध्ये चौथा गियर १.७ आणि तिसरा २.६. जुन्या ६.८३ वर चौथ्यात हा चढ निघत नाही, ६९० न्यूटन मीटर लागतात आणि इंजिनाकडे ६६० च आहेत, मग तिसरा टाका, आणि तिसऱ्यात २७ वरच गव्हर्नर पकडतो. ५.८६ वरही तिसराच लागतो, पण तिथं २४०० आरपीएमच्या आत २९-३० मिळतात. म्हणजे ज्या घाटाची भीती होती तिथं कमी रेशोची गाडी दोन किलोमीटर जास्तच चालते.

तोटा नाही असं नाही. सौम्य चढ, पूल, उड्डाणपूल, जिथं आधी पाचव्यात निघून जायची तिथं आता चौथा टाकावा लागतो. घाट उतरताना त्याच गियरात इंजिनाची रोक कमी मिळते, म्हणून उतरताना आधीच एक गियर खाली घ्यायची सवय लावावी लागते, आणि ती सवय लागेपर्यंत ड्रायवरच्या पायाखालचे ब्रेक जास्त तापतात. हे मी आमच्या ड्रायवर उस्तादांना तीनदा सांगितलं. खरा तोटा म्हणजे उभ्या गाडीला हलवताना, पण त्याचं पुढे येतं.

कोणी विचारेल की मग अजून खाली, ४.८८ वर का नाही गेलो, ८० ला इंजिन २०३० वरच राहिलं असतं. मीही विचारलं होतं. एक तर आमच्या हाउसिंगला बसेल असा तो जोड बाजारात मिळाला नाही, आणि मिळाला असता तरी १८० हॉर्सपॉवरच्या गाडीला २५ टनावर मी तो लावला नसता. टॉपमध्ये चाकावर जेमतेम ५९० किलो जोर उरतो, त्यातले सव्वातीनशे-चारशे सपाटीलाच जातात, म्हणजे रस्ता जरा वर झाला की गियर पाडा, पुन्हा चढवा. ड्रायवर वैतागून शेवटी पाचव्यातच चालवतो आणि सगळा फायदा तिथंच संपतो. नवीन २५०-३०० हॉर्सपॉवरच्या गाड्यांना कमी रेशो शोभतो, कारण त्यांच्याकडे खाली भरपूर टॉर्क आहे.

एप्रिलमध्ये काम केलं. चाचांनी ४१-७ चा जोड आणला. इथं एक गोष्ट जोर देऊन सांगतो: क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनंच तयार होतात, दोन्हीवर एकच जोडी नंबर असतो. जुन्या क्राउनलाही ४१ च दात आहेत म्हणून फक्त पिनियन बदलू, असं एकानं आम्हाला सुचवलं होतं. सहा दातांच्या पिनियनसोबत जगलेला क्राउन सात दातांच्या पिनियनला नीट भेटतच नाही, हजार किलोमीटरच्या आत ओरडायला लागेल. चाचांनी पिनियनचे बेअरिंग नवीन टाकले, दातांना रंग लावून खूण कुठे उमटते ते पाहिलं, पहिल्यांदा खूण दाताच्या टोकाकडे आली, शिम (जागा जुळवायची पातळ चकती) बदलली, पुन्हा रंग, पुन्हा फिरवलं, असं चार वेळा. दोन दातांमधली ढील डायल गेज लावून मोजली. सकाळी सुरू केलेलं काम संध्याकाळी सहाला संपलं आणि त्यातला अर्ध्याहून जास्त वेळ फक्त या शिमांमध्ये गेला, जो वेळ बहुतेक ठिकाणी देत नाहीत. ८५ डब्ल्यू १४० तेल भरलं, पहिले ५०० किलोमीटर हलका माल, मग तेल बदललं. सगळा खर्च रेडियल टायरच्या एका जोडीच्या आसपास.

आणि मग दुसरी फजिती झाली.

पहिल्या भरलेल्या फेरीहून गाडी आली आणि मामा थेट आमच्या ऑफिसात. टेबलावर डिझेलची पावती आपटली. "२५० लिटर डिझेल, मीटरवर ७८९ किलोमीटर. तीन पॉइंट सोळा! आधी तीन पॉइंट चार यायचा. तुझ्या हिशेबानं माझं वाटोळं केलं." उस्तादही सोबत होते, ते म्हणाले गाडी छान निघते, आवाज नाही, पण अजून वेग दाखवत नाही, काटा सत्तरच्याच आसपास असतो आणि बाकीच्या गाड्या मागे पडतात.

बाकीच्या गाड्या मागे पडतात, हे ऐकलं आणि डोक्यात लख्ख पडलं. स्पीडोमीटरचा सेन्सर चाकावर नसतो, गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असतो. तो प्रोपेलरचे फेरे मोजतो आणि मीटरनं मानलेलं असतं की मागे ६.८३ आहे. आता प्रोपेलर प्रत्येक किलोमीटरला कमी फिरतोय, म्हणून मीटरला वाटतंय गाडी कमी चालली. खऱ्या १००० किलोमीटरला मीटर ८५७ दाखवतं. काटा ६० वर तेव्हा गाडी ७० वर, काटा ६९ वर तेव्हा गाडी ८० वर. उस्ताद सत्तर म्हणत होते तेव्हा ते मर्यादेच्या वर चालले होते आणि त्यांना ठाऊकच नव्हतं. खरं अंतर मी समृद्धीच्या किलोमीटरच्या पाट्यांवरून आणि मोबाइलच्या नकाशावरून काढलं, जाऊन-येऊन ९२०. भागिले २५०, म्हणजे ३.६८. जुन्या रेशोवर याच फेरीला २७१ लिटर लागत होते, ३.३९. फेरीला २१ लिटर वाचले होते आणि मामा माझ्यावर चिडले होते!

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. २०१५ च्या केंद्राच्या नियमानुसार मालवाहू गाड्यांना स्पीड लिमिटर ८० वर बांधायचा असतो, डंपर आणि टँकरना ६० वर. लिमिटरही त्याच सेन्सरवर विश्वास ठेवतो. रेशो बदलून मीटर तसंच ठेवलं तर ८० वर बांधलेला लिमिटर गाडीला ९३ पर्यंत सोडतो, आणि २५ टन ९३ नं, उन्हानं तापलेल्या सिमेंटवर, जुन्या टायरवर, तेव्हा काय होऊ शकतं ते मला लिहायचंही नाही. त्याच आठवड्यात आम्ही मीटर नव्या रेशोला लावून घेतलं आणि लिमिटरला पुन्हा सील केलं. रेशो बदलणाऱ्या प्रत्येकाला मी आता पहिलं हेच विचारतो, मीटरचं काय केलं. दहातले नऊ जण माझ्याकडे बघत राहतात.

(डंपरच्या ६० वरून अजून एक. ज्या गाडीला कायद्यानंच ६० च्या वर जायचं नाही तिला ६.८३ मुळे काहीच नुकसान नाही, ६० ला इंजिन २१३० वर, म्हणजे रेंजच्या आत. आधीच्या मालकानं गाडी त्याच्या कामासाठी अगदी बरोबर घेतली होती.)

ते किती बरोबर होतं हे पावसाळ्याआधी जूनमध्ये कळलं. मामांच्या एका ओळखीच्याची गाडी उमरेडला बंद पडली, कोळशाच्या चार फेऱ्या अडकल्या, मामांनी शब्द दिला आणि आमची गाडी पाठवली. मला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी उस्तादांचा फोन: भाऊ, क्लचचा वास येऊन राहिला, चढावर गाडी उठतच नाही.

उभ्या गाडीला हलवण्याचा हिशेब वेगळा असतो. तिथं वेग शून्य, म्हणून हॉर्सपॉवरचा प्रश्नच नाही, सगळा खेळ टॉर्कचा. पहिला गियर ७ चा. ६६० गुणिले ७ गुणिले ६.८३, त्यातले दहा टक्के घर्षणात, टायरच्या अर्ध्या व्यासानं भागलं की चाकावर ५.७ टन जोर मिळतो. ५.८६ वर ४.९ टन. हायवेवर दोन्ही भरपूर. पण भुसभुशीत, कोळशाच्या चुऱ्यानं माखलेला दहा टक्क्यांचा चढ धरा, चाकं रुततात त्याचे अजून सहा टक्के, म्हणजे वजनाच्या सोळा टक्के जोर नुसता हलायला. २५ टनाला ४ टन. जुन्या रेशोवर १.७ टन शिल्लक, नव्यावर ०.९. निम्मी. आणि तिथं ३० टन भरले होते, जे भरायलाच नको होते आणि मामांना मी ते तोंडावर सांगितलं. ३० टनाला ४.८ लागतात. शिल्लक जवळजवळ शून्य. मग ड्रायवर काय करणार, आरपीएम वाढवून क्लच अर्धा दाबून गाडी उचलणार, आणि जो जोर एक्सलनं द्यायचा तो क्लच प्लेट घासून देते. दोन दिवसात प्लेट गेली, प्रेशर प्लेटवर निळे डाग पडले. दोन महिन्यांत डिझेलमध्ये वाचवलं त्यातला चांगलाच भाग त्या दोन दिवसात गेला.

मामा त्या दिवशी फार बोलले नाहीत. गाडी वाडीला आली, क्लच बसवला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बुटीबोरीचा माल भरला. तेव्हापासून वहीत हिशेब सरळ आहे, समृद्धीवर ३.६ ते ३.७, जबलपूर लायनीला थोडा कमी. त्या इंजिनाला अजून हात लावलेला नाही, पंपही नाही, नोझलही नाही.

जुना ४१-६ चा जोड ग्रीस लावून गोणपाटात गुंडाळून ऑफिसच्या मागे ठेवला होता. दिवाळीनंतर ज्याच्यासाठी उमरेडला गाडी पाठवली होती तोच मामांकडे आला, त्याचा टिपर आधी हायवेला चालायचा, ५.८६ चा, आणि वर्षात तिसरी क्लच प्लेट टाकून झाली होती. मामांनी मला हाक मारली, "भाच्या, तो सहा दातवाला काढ." मी गोणपाट सोडलं, मामांनी स्वतः खाली बसून पिनियनचे दात बोटानं मोजून त्याला दाखवले आणि म्हणाले, आधी चाचांकडे जा, आणि मीटर लावून घ्यायला विसरू नको, या वेळी काटा जास्त दाखवेल.